नाव उमरावाचं, हात कुणाचे?

मैत्रिणींनो, आज एक साधा प्रश्न. सँडविच म्हणजे नेमकं काय? ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये काकडी, टोमॅटो आणि हिरवी चटणी, हे सँडविच, यावर कुणाचं दुमत नाही. मग वडापाव? त्यातला पाव तर पूर्ण कापलेलाही नसतो, एका बाजूने जोडलेलाच असतो. बरं, तो चालत असेल तर आपली कळण्याची मऊ भाकरी घ्या, तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा पसरा आणि मधोमध दुमडा. हे सँडविच की नाही? आणि खापरावरचे मांडे? वर-खाली पीठ, मध्ये पुरण! फक्त कडा तेवढ्या बंद. जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही घरात हा विषय काढून बघा, नातवंडं एका बाजूला आणि आज्या दुसऱ्या बाजूला होतील.

हे सगळं गमतीचं वाटतं ना? पण २००६ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हा वाद चक्क कोर्टात गेला होता. एका शॉपिंग सेंटरमधल्या सँडविचवाल्यांनी करारात लिहून घेतलं होतं की इथे सँडविचचं दुसरं दुकान येता कामा नये. पुढे तिथे बरिटोवाले यायला निघाले. बरिटो म्हणजे मेक्सिकन पोळीत भात, राजमा, मांस वगैरे भरून केलेली गुंडाळी. न्यायाधीशांनी निकाल दिला, सँडविचला ब्रेडचे दोन तुकडे लागतात, बरिटोला एकच पोळी असते, सबब ते सँडविच नव्हे. आणि गंमत म्हणजे त्याच देशातल्या न्यूयॉर्क राज्याचं करखातं बरिटोला सँडविचमध्येच धरतं!

शहाण्यासुरत्यांचं एकमत होत नसेल, तर ज्याच्या नावाने हा पदार्थ चालतो त्याच्याच आयुष्यात डोकावून बघावं.

सँडविच हे मुळात इंग्लंडच्या केंट परगण्यातलं एक गाव. त्या गावाच्या नावाची उमरावकी मॉन्टेग्यू घराण्याकडे होती. जॉन मॉन्टेग्यूचा जन्म १७१८ चा. वडील तो लहान असतानाच गेले, आणि १७२९ मध्ये आजोबा वारले तेव्हा हा पोरगा सँडविचचा चौथा अर्ल झाला. म्हणजे आपल्याकडे पाचवीत असतो त्या वयात! ईटन आणि केंब्रिजला शिकून तो जहाजाने प्रवासाला निघाला. ग्रीस, तुर्कस्तान, इजिप्त असं सगळं हिंडून आला. तिकडे पोळीसारख्या रोटीत काहीबाही घालून खाण्याची जुनी रीत. ती बघूनच त्याला कल्पना सुचली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

परत आल्यावर तो राजकारणात पडला. इंग्लंडच्या आरमाराचा कारभार त्याच्याकडे तीनदा आला, शेवटचा १७७१ ते १७८२ असा सलग. कॅप्टन कुकच्या सफरींना त्याचा पाठिंबा होता, म्हणून तर कुकने १७७८ मध्ये हवाई बेटांना सँडविच बेटं असं नाव दिलं.

आता खाण्याची गोष्ट. एका फ्रेंच प्रवाशाने १७७० मध्ये छापलेल्या पुस्तकात लिहिलं की इंग्लंडचा एक मंत्री चोवीस तास जुगाराच्या टेबलावरून उठला नाही, आणि भाजलेल्या ब्रेडच्या दोन तुकड्यांमध्ये मांस घालून तेच खात राहिला. ही कथा जगभर गेली. पण अर्लचा चरित्रकार म्हणतो की त्या काळात त्याच्या डोक्यावर इतकं काम होतं, की तो जुगाराच्या टेबलापेक्षा कागदपत्रांच्या टेबलावरच जेवत असणार. काहीही असो, मुद्दा एकच. काम थांबू नये, एक हात मोकळा राहावा, बोटं तेलकट होऊ नयेत. १७६२ साली इतिहासकार गिबनने आपल्या रोजनिशीत सँडविच हा शब्द लिहिला, म्हणजे तोवर लंडनमध्ये तो रुळला होता.

पण बायांनो, मला या गोष्टीत एक माणूस दिसतच नाही. तो ब्रेड कुणी कापला? मांस कुणी भाजलं? चोवीस तासांच्या त्या बैठकीत चुलीपाशी कोण जागं होतं? त्या हातांचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. खाल्लं त्याचं नाव झालं!

अर्लच्या आयुष्यातल्या दुसऱ्या एका बाईचं नाव उरलं, पण फार वाईट कारणाने. त्याची बायको डोरोथी मानसिक आजारी झाली आणि १७५५ मध्ये दोघं वेगळे राहू लागले. पुढे त्याच्या घरात मार्था रे आली. गरीब घरातली, शिवणटिपण आणि टोप्या करण्याच्या दुकानात काम शिकलेली पोर. ती सतरा-अठराची, तो चाळिशी ओलांडलेला. त्याने तिला गाणं शिकवलं, आणि ती खरोखर उत्तम गायला लागली. त्याच्या वाड्यातल्या मैफिलींत ती पाहुण्यांसमोर गायची. दोघांना बरीच मुलं झाली. पण डोरोथी हयात होती, त्यामुळे मार्थाला बायकोचा मान कधी मिळाला नाही. सगळं त्याच्या मर्जीवर.

हॅकमन नावाचा एक तरुण, आधी सैन्यात आणि मग धर्मगुरू झालेला, तिच्यामागे लागला. ७ एप्रिल १७७९ च्या रात्री नाटक संपवून ती लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरच्या दारात गाडीत चढत असताना त्याने तिला गोळी घातली. ती जागीच गेली. बारा दिवसांनी त्याला फाशी झाली. आणि लोक हळहळले कुणासाठी? बरेचसे त्या खुन्यासाठी! प्रेमात वेडा झालेला बिचारा, असं वर्तमानपत्रांतून रंगवलं गेलं. वाचून आजच्या किती बातम्या आठवतात, नाही?

मार्थाचा एक मुलगा बॅसिल मॉन्टेग्यू. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचाही झाला नव्हता. पुढे तो वकील झाला, आणि आईच्या खुन्याला फाशी झालेली असूनही त्याने आयुष्यभर फाशीची शिक्षा कमी व्हावी म्हणून लिहिलं, झगडला. उमरावाच्या घराण्यातली ही खरी मोठी गोष्ट, पण ती कुणाला ठाऊक नसते.

अमेरिकेतल्या युद्धात इंग्लंड हरलं, त्याचं खापर आरमाराच्या कारभाऱ्यावर फुटलं. १७८२ मध्ये त्याचं पद गेलं आणि १७९२ मध्ये तोही गेला. मागे राहिलं ते दोन ब्रेडमधलं नाव.

आता आपल्या वादाचा निकाल लावू. अर्लच्या गरजेची कसोटी लावली तर दोन तुकडे की एक, हा प्रश्नच गौण ठरतो. कामाच्या जागी, ताटवाटीशिवाय, हातात धरून खाता आलं पाहिजे. वावरात कापूस वेचायला जाणारी बाई फडक्यात भाकरी बांधून नेते, वर ठेचा, सोबत कांदा. बांधावर टेकून दुमडलेली भाकरी हातात धरते, खाते आणि पुन्हा कामाला लागते. ती या कसोटीत पहिल्या नंबराने पास! वडापाव पास. मांडे मात्र नापास, कारण ते दुधात बुडवून निवांत खायचे. आणि शेवभाजीचं तर नावच नको, सगळा रस्सा कोपरापर्यंत.

फरक एवढाच की आपल्या भाकरीला कुणा सरदाराचं नाव नाही. तिला करणाऱ्या बाईचंही नाही. नशीब, आपल्याकडे एक अपवाद झाला. १८८० मध्ये असोद्याला जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरींनी चूल, तवा, भाकरी आणि जातं गाण्यात आणलं. घरच्यांनी, त्यांच्या मुलाने सोपानदेवांनी, ती गाणी टिपून ठेवली म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर वर्षभराने, पुस्तक निघालं. टिपून ठेवली नसती तर? आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

म्हणून एक करा. तुमच्या रेसिपीच्या वहीत नुसतं ठेचा, भरीत, कळण्याची भाकरी असं लिहू नका. ज्या आजीकडून, मावशीकडून, सासूबाईंकडून शिकलात, तिचं नाव पदार्थाच्या आधी लिहा. आणि सासूबाई वही बघून विचारतील की हे काय नवीन, तर सांगा, इंग्लंडात उमरावाला मिळालं ते आमच्याकडे तुम्हाला मिळालं.