पालवणकर बाळू : पांढऱ्या पोशाखातील झुंज

पूर्वी परदेश दौऱ्यावर गेलेल्या रग्बी आणि क्रिकेट संघांच्या पोशाखांसारखे सदरे शिवून विकण्याचा धंदा आज जगात जोरात चालतो. आमच्या हिंगोलीतही परदेशी संघांची नावे छातीवर मिरवणारी मुले पावलोपावली दिसतात. पण १९११ साली भारताचा पहिला प्रातिनिधिक क्रिकेट संघ इंग्लंडला गेला, त्या संघातील सर्वश्रेष्ठ गोलंदाजाचे नाव त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल? ते नाव म्हणजे पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, जात चांभार. वडील पुण्यात लष्करी नोकरीत होते. क्रिकेटशी बाळूंचा संबंध आला तो खेळाडू म्हणून नव्हे, तर मैदानावरील नोकर म्हणून. प्रथम पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर आणि पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर त्यांनी काम केले. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. फलंदाजी करण्याची संधी मात्र बाळूंना तेथे कोणी दिली नाही. डाव्या हाताची ती फिरकी अशा चाकरीतूनच घडली.

गोऱ्यांना हरवायचे, तर बाळू हवेतच, हे पुण्याच्या हिंदू खेळाडूंनाही कळून चुकले. त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर सर्वांचा पोशाख एकच, पांढरा. एकच चेंडू सर्वांच्या हातातून फिरे. परंतु चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळे. माझ्या मते हा प्रसंग त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून मला वाटते, की एकसारखे कपडे अंगावर आले म्हणजे समता आली असे नव्हे. ती चहाच्या भांड्यापर्यंत पोहोचावी लागते.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस आले व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात नमविल्याचा आनंद देशभर पसरला.

१९११ च्या दौऱ्याचे कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. संघात हिंदू, पारशी, मुसलमान असे सारे होते. बाळूंचे बंधू शिवरामही होते. संघाने तेवीसपैकी पंधरा सामने गमावले. पण वयाच्या पस्तिशीत बाळूंनी त्या परक्या हवेत एकूण ११४ बळी घेतले! परतल्यावर मुंबईतील दलित बांधवांनी त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान वाटे.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली त्यांना वगळून कर्णधारपद दुसऱ्याकडे गेले, तेव्हा शिवराम व विठ्ठल हे बंधू निषेध म्हणून संघाबाहेर पडले. लोकमत खवळले आणि बाळूंना उपकर्णधार करणे भाग पडले. १९२३ साली धाकटे विठ्ठल कर्णधार झाले व त्यांनी अजिंक्यपदही मिळविले. थोरल्याला नाकारलेला मान धाकट्याने मिळविला.

उत्तरायुष्यात बाळू राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या वतीने ते मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व सुमारे दोन हजार मतांनी पडले. मराठवाड्यातील आम्हा विद्यार्थ्यांना हे वाचताना चुटपुट लागते. मलाही त्यांची ती बाजू पटत नाही. पण चरित्र लिहिताना नको ते पान फाडून टाकता येत नाही. त्या एका निवडणुकीमुळे मैदानावरील त्यांची तीस वर्षांची झुंज पुसली जाऊ नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्या महाविद्यालयाच्या क्रीडाविभागात अनेक खेळाडूंची चित्रे लागतील. त्यांत या चार रुपयांच्या नोकराचेही एक चित्र असावे, अशी माझी गुरुजनांना नम्र विनंती आहे.