अर्ल सदरलँड : पेशीच्या आतला निरोप्या शोधणारा डॉक्टर

अंधारात कुत्रा अंगावर धावून आला की तुमची छाती धडधडते आणि पायांत बळ येतं. हे अ‍ॅड्रेनालिनचं काम, हे तुम्ही ऐकलं असेल. त्याच क्षणी यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनमधून साखर रक्तात सोडू लागतं. पण अ‍ॅड्रेनालिन पेशीच्या दाराशीच थांबतं, आत जात नाही. मग आतल्या यंत्रणेला निरोप पोहोचतो कसा?

याचं उत्तर देणारे अर्ल सदरलँड यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९१५ रोजी अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या बर्लिंगेम या छोट्या गावात झाला. १९३०च्या दशकातल्या मंदीत वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि कॉलेजचा खर्च भागवण्यासाठी त्यांना रुग्णालयात काम करावं लागलं. १९४२ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम करून परतल्यावर दवाखाना की प्रयोगशाळा, हा प्रश्न होता. त्यांचे गुरू कार्ल कोरी यांच्यामुळे तो प्रयोगशाळेच्या बाजूनं सुटला. ग्लायकोजेनवरच्या कामासाठी कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ मध्ये नोबेल मिळालं.

फोडलेल्या पेशींचा प्रयोग

त्या काळी अशी समजूत होती की, संप्रेरकाचा परिणाम पाहायचा तर पेशी अखंडच हवी. १९५३ मध्ये सदरलँड क्लीव्हलँडला गेले आणि थिओडोर रॉल यांच्यासोबत त्यांनी यकृताच्या पेशी वाटून त्या लगद्यात अ‍ॅड्रेनालिन घातलं. ग्लायकोजेन फोडणारं एन्झाइम तरीही जागं झालं. मग त्यांनी लगदा वेगानं फिरवून जड कण खाली बसवले. उरलेल्या निवळीवर अ‍ॅड्रेनालिनचा काहीच परिणाम होईना. पण वेगळे काढलेले कण अ‍ॅड्रेनालिनमध्ये ठेवले, की त्यातून काहीतरी तयार होई, आणि ते निवळीत घालताच एन्झाइम पुन्हा कामाला लागे. ते ‘काहीतरी’ उकळलं तरी टिकत होतं, म्हणजे ते प्रथिन नव्हतं. तो होता सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू. मला विचाराल तर त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत देखणा प्रयोग हाच.

संप्रेरक हा पहिला निरोप्या आणि सायक्लिक एएमपी दुसरा, ही त्यांची कल्पना अनेकांना पटली नाही. एकच रेणू यकृतात साखर सोडवतो, हृदय जोरात चालवतो आणि श्वासनलिका सैल करतो, हे कसं शक्य आहे? शंका रास्त होती. सदरलँड मात्र एकेका अवयवात तो रेणू शोधत राहिले. १९६३ मध्ये पूर्ण वेळ संशोधन करता यावं म्हणून ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले. १९७१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. ९ मार्च १९७४ रोजी मायामीत त्यांचं निधन झालं, तेव्हा ते फक्त ५८ वर्षांचे होते.

निरोप बांधून ठेवणारी प्रथिनं

त्या रास्त शंकेचं मोठं उत्तर त्यांच्या मृत्यूनंतर मिळालं. सायक्लिक एएमपी ज्या एन्झाइमला जागं करतो, ते प्रोटीन कायनेज ए १९६८ मध्ये सापडलं होतं. पुढे दिसलं की हे एन्झाइम पेशीत मोकाट फिरत नाही. होडी जशी नांगराला, तसं ते ठरावीक जागी बांधलेलं असतं. ही बांधणी करणाऱ्या प्रथिनांना ए-कायनेज अँकरिंग प्रोटीन्स, थोडक्यात एकेएपी, म्हणतात. निरोप सगळीकडे एकच. पण एन्झाइम कुणाशेजारी बांधलं आहे, यावर काम ठरतं.

प्रयोगशाळांमध्ये मानवी एकेएपीचं जनुक जिवाणूंसारख्या पेशीत घालून हे प्रथिन बनवून घेतात. यालाच रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. त्याचा कोणता तुकडा एन्झाइमला धरतो, हे त्यावर तपासता येतं. ते औषध नव्हे, घ्यायची किंवा टोचायची वस्तूही नव्हे; कोणी तसं विकत असेल तर दूर राहा.

तुमच्याशी याचा संबंध हृदयापाशी येतो. योटियाओ नावाचं एकेएपी हे एन्झाइम हृदयपेशीच्या पोटॅशियम वाहिनीजवळ बांधून ठेवतं. धावताना ठोके वाढले की ही वाहिनीही जास्त काम करते आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी लवकर तयार होते. जन्मजात दोषामुळे ही बांधणी सुटली, तर तयारीला वेळ लागतो आणि ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. लाँग क्यूटी सिंड्रोमचा हा एक दुर्मीळ प्रकार. म्हणून खेळताना किंवा पोहताना मूल शुद्ध हरपून पडलं, किंवा घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर अशक्तपणा समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या आणि तोवर मुलाला पळू-पोहू देऊ नका.