वकील झाले, तरी अरबी शिकायला गेले: आसफ अली असगर फैजी

निकाल लागले की आपल्या घरांत एकच चर्चा. मुलगी एलएल.बी. झाली, आता एलएल.एम. कुठून करायचं? फी किती, हॉस्टेल आहे का, पुढे नोकरी मिळेल का, हे सगळं आपण विचारतो. पण नेमका अभ्यास कशाचा करायचा, हा सवाल मागे राहतो. म्हणून आज मरहूम आसफ अली असगर फैजी यांची आठवण.

फैजी साहेबांचा जन्म १८९९ चा, आपल्या माथेरानचा. घराणं सुलेमानी बोहरा. कायद्याची पदवी त्यांनी मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून घेतली. पुढे १९२२ मध्ये ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. बॅरिस्टर व्हायचं तर लंडनला मिडल टेंपलमध्ये नाव घालणं पुरेसं होतं. ते त्यांनी केलंच, १९२५ मध्ये बॅरिस्टरही झाले. पण केंब्रिजात त्यांनी अरबी-फारसीचा अभ्यास केला. निकल्सन आणि ब्राउन यांच्यासारखे नामवंत उस्ताद त्यांना लाभले.

वकिलाला अरबी कशाला, असं कुणीही म्हणेल. पण तेव्हाची कोर्टं बघा. मुसलमानांचे निकाह, तलाक, वारसा, वक्फ यांचे खटले इंग्रजीत चालायचे. न्यायाधीशांपुढे ‘हिदाया’चं इंग्रजी भाषांतर असायचं, आणि तेही मूळ अरबीवरून नव्हे, फारसी तर्जुम्यावरून केलेलं. म्हणजे भाषांतराचं भाषांतर! एका शब्दाचा अर्थ सरकला, तर कुणाच्या तरी बेटीचा हिस्सा सरकणार. मूळ किताब वाचू शकणारा वकील इथे किती मोलाचा, ते सांगायला नको.

१९२६ ते १९३८ त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली केली. मग ज्या कॉलेजात शिकले, तिथलेच प्रिन्सिपल झाले, ते १९४७ पर्यंत. १९४९ मध्ये ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ’ हे त्यांचं पुस्तक आलं. कायद्याची मुलं आजही ते वाचतात आणि कोर्टाच्या निकालांत त्याचा दाखला येतो.

अरबीचा खरा उपयोग दिसला तो ‘दआइमुल इस्लाम’ या किताबीत. काझी नोमान यांचा हा फातिमी काळातला फिकहचा ग्रंथ हस्तलिखितांतच होता. फैजी साहेबांनी त्याची संपादित प्रत तयार केली. पहिला खंड १९५१ मध्ये काहिरात छापला गेला, दुसरा सुमारे दहा वर्षांनी. जवळची इस्माइली हस्तलिखितं त्यांनी मुंबई विद्यापीठाला देऊन टाकली.

इजिप्तमधले भारताचे राजदूत, काश्मीरमध्ये कुलगुरू, १९६२ मध्ये पद्मभूषण, असे मान त्यांना मिळाले. मजहब आणि कायदा वेगळे करून पाहावेत, हे त्यांचं म्हणणं मात्र अनेक उलेमांना पटलं नाही. तो वाद आजही संपलेला नाही. पण त्यांच्याशी वाद घालायचा तरी आधी तेवढा अभ्यास हवा, हे सगळ्यांनाच मान्य करावं लागलं. १९८१ मध्ये त्यांचं इंतकाल झालं.

आम्हाला एवढंच सांगायचंय. फॉर्म भरण्याआधी मुलाला, मुलीला बसवून विचारा: बेटा, तुला कोणता सवाल सोडवायचाय? त्यासाठी कोणती भाषा लागेल, शिकवणारं कोण आहे, लायब्ररीत काय आहे? विद्यापीठाचं नाव त्यानंतर बघा. फी आणि हॉस्टेल तर बघावंच लागेल, पण सुरुवात तिथून नको.