तरुणांचे गुरु संत जॉन बॉस्को

इटलींतील पीडमाँट प्रांतांत कास्तेलनुओवो गांवाजवळ बेक्की नांवाची एक लहानशी वाडी आहे. तेथें 16 ऑगस्ट 1815 रोजीं एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं जॉन बॉस्को ह्यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते, तोंच पितृछत्र हरपलें. माता मार्गरीता निरक्षर. परंतु प्रार्थनेचे व सत्याचे पहिले धडे मुलांनीं तिच्याचपाशीं घेतले.

नवव्या वर्षीं जॉननें एक स्वप्न पाहिलें. कांहीं मुलें खेळतां खेळतां अभद्र शिव्या देत होतीं, आणि त्यांना गप्प करण्यासाठीं तो मुठी वळून धांवला. तोंच एका तेजस्वी पुरुषानें त्याला अडविलें व ह्या मुलांना मारानें नव्हे, तर सौम्यतेनें आपलेंसें करावयाचें आहे, असें सांगितलें. त्यांचें पुढील सारें आयुष्य ह्या एका आज्ञेच्या पालनांत गेलें.

5 जून 1841 रोजीं तुरीन शहरीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षीं 8 डिसेंबरला, अमलोद्भव मरियेच्या सणाच्या दिवशीं, ते मिस्सेसाठीं वस्त्रें परिधान करीत असतां गारेल्ली नांवाचा एक अनाथ मुलगा तेथें आला. त्याला मिस्सेची सेवा करतां येत नाहीं, हें कळतांच देवळाच्या सेवकानें त्यास बडवून हांकलून दिलें. फादरांनीं त्याला परत बोलाविलें. मिस्सेनंतर ते त्याच्याशीं मित्राप्रमाणें बोलले, त्याला खुणेनें क्रूस काढावयास शिकविलें आणि त्याच्यासाठीं नमो मरिया म्हटली. सोळा वर्षांच्या त्या मुलाला लिहितां वाचतां येत नव्हतें. पुढच्या रविवारीं तो सोबत्यांना घेऊन आला!

1846 च्या ईस्टरला वाल्दोक्को येथील एका पडवीवजा जागेंत त्यांच्या कार्याला कायमचा आसरा मिळाला. त्याच वर्षीं माता मार्गरीताही आपलें घर सोडून तेथें राहावयास आली व अखेरपर्यंत पोरक्या मुलांची आई झाली. हळूहळू वसतिगृह, कारखाने आणि माध्यमिक वर्ग उभे राहिले.

मुलांना नीति कशी शिकवावी, ह्याविषयींचे त्यांचे विचार 1877 सालीं लहानशा निबंधरूपानें प्रसिद्ध झाले. नियम सांगावे आणि अपराधाची वाट पाहत वेत घेऊन बसावें, ही रीत त्यांना मान्य नव्हती. गुरुजनांनीं सदैव मुलांमध्यें असावें, म्हणजे मुलाला पाप करण्याची संधीच लाभूं नये. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे त्यांच्या पद्धतीचे आधार. पापनिवेदन व ख्रिस्तप्रसाद वारंवार घ्यावा, पण त्याची सक्ती मात्र नसावी. आपल्यापैकीं पुष्कळांनीं धर्मशिक्षण छडीच्या छायेंत घेतलें असल्यामुळें हें वाचून नवल वाटेल.

दोमिनिक साव्हियो 1854 सालीं त्यांच्याकडे आला, तेव्हां तो बारा वर्षांचा होता. संत होण्याच्या ध्यासानें तो अंथरुणांत खडे घालूं लागला. गुरूंनीं तें देहदंडन बंद करविलें आणि अभ्यास, आनंद व सोबत्यांचें हित हाच मार्ग दाखविला. दोन विद्यार्थी वैरानें एकमेकांवर दगड घेऊन उभे राहिले असतां दोमिनिक क्रूस हातीं धरून मध्यें गेला आणि पहिला दगड आपल्यावर मारावयास सांगितलें. दगड खालीं पडले. 1857 सालीं, पंधरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, तो देवाघरीं गेला.

परंतु गुरूंच्या स्वतःच्या घरींही ही रीत ढिली पडली. 1884 च्या मे महिन्यांत रोमहून त्यांनीं वाल्दोक्कोला एक दुःखभरें पत्र धाडलें. शिक्षक वर्गांत असत, पण खेळाच्या अंगणांत दिसत नव्हते. मुलें त्यांना भिऊं लागलीं होतीं. मुलांवर प्रेम असणें पुरेसें नाहीं, तें त्यांना जाणवलें पाहिजे, हा त्या पत्राचा गाभा. सत्तरीच्या उंबरठ्यावरील थकलेल्या माणसानें हें आपल्याच सहकाऱ्यांना लिहावें, ह्यांतच त्यांची तळमळ दिसते.

31 जानेवारी 1888 रोजीं त्यांनीं देह ठेवला. अकरावे पायस पोपमहाशयांनीं 1934 च्या ईस्टरला त्यांना संतपद दिलें. शिष्य दोमिनिक 1954 सालीं संत झाला. त्यांचे सालेशियन पुत्र 1906 सालीं तंजावरास आले, आणि आज माटुंग्याच्या त्यांच्या शाळेजवळच ख्रिस्ती जनांच्या साहाय्यकर्त्या मरियेचें मंदिर उभें आहे.