डॉ. ग्रिफिथ इव्हान्स

मुक्या जनावरांच्या रक्तात दडलेला वैरी ज्यांनी हुडकून काढला, ते ग्रिफिथ इव्हान्स इ. स. १८३५ साली वेल्समध्ये जन्मले. पशुवैद्यकी शिकून ते लष्करात शिरले. पुढे कॅनडात माणसांच्या वैद्यकीची पदवीही त्यांनी मिळवली.

१८८० साली सिंधुतीरी डेरा इस्माईलखान येथे घोडे व उंट सर्रा नामक रोगाने मरत होते. ताप यावा, पाय सुजावे, अंग झडत जावे व अखेर प्राण जावा, अशी त्या रोगाची रीत. इव्हान्स यांस सूक्ष्मदर्शकाखाली आजारी जनावरांच्या रक्तात वळवळणारे जंतू दिसले. ते रक्त निरोगी जनावरास टोचले, तो त्यासही तोच रोग जडला. तथापि वरिष्ठांनी हे जंतू रोगाचे कारण मानले नाहीत. इव्हान्स आपल्या मतावरून ढळले नाहीत. १८८५ साली ब्रह्मदेशात जॉन हेन्री स्टील यांस खेचरांच्या रक्तात तेच जंतू आढळले व त्यांनी त्या जंतूंस इव्हान्स यांचे नाव दिले. हेच स्टील १८८६ साली मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले.

कारण कळल्यावर औषधाची वाट सापडली. आरंभी सोमल वापरीत, पुढे सुरामिन आले. परंतु १९०७ च्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख यांस दिसून आले की, अपुऱ्या मात्रेतून वाचलेले अशा जातीचे जंतू पुढे त्या औषधास जुमानीत नाहीत.

१९३५ साली, वयाची शंभर वर्षे पुरी करून, इव्हान्स निवर्तले. विद्यार्थी मित्रहो, ज्यांच्या गोठ्यात जनावरे आहेत, त्यांनी पशुवैद्याने सांगितलेली मात्रा पुरती द्यावी. अर्ध्यावर सोडलेला उपाय शत्रूसच शहाणा करतो.