शास्त्रज्ञ बिर्कलंड व त्याची चिमुकली पृथ्वी

नॉर्वे देशाच्या उत्तर भागांत हिवाळ्यांतील दीर्घ रात्रीं आकाशांत हिरव्या व तांबड्या प्रकाशाचे पडदे हेलकावतांना दिसतात. ह्यास ध्रुवप्रकाश म्हणतात. तो कशामुळें उत्पन्न होतो, हें कोडें सोडविण्यांत ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें, तो क्रिस्तियान बिर्कलंड हा शास्त्रज्ञ होय.

त्याचा जन्म 13 डिसेंबर 1867 रोजीं ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो, शहरीं झाला. पॅरिस येथें प्वाँकारे व बॉन येथें हर्ट्‌झ अशा विद्वानांच्या सान्निध्यांत त्यानें अध्ययन केलें आणि 1898 सालीं, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षीं, तो आपल्या शहरच्या विश्वविद्यालयांत प्राध्यापक झाला.

सूर्यापासून विद्युत्कण निघतात व पृथ्वीच्या चुंबकत्वामुळें ते ध्रुवप्रदेशांकडे वळून तेथील विरळ हवेस उजळतात, असें मत त्यानें 1896 सालीं मांडलें. परंतु हें पडताळावें कसें? आकाशांत जाणें तर शक्य नव्हतें. तेव्हां त्यानें आकाशच मेजावर आणलें! विद्युच्चुंबक आंत बसविलेला एक गोळा त्यानें हवा काढून टाकलेल्या काचेच्या पेटींत ठेविला व त्यावर विद्युत्कणांचा झोत सोडला. गोळ्यास चुंबकत्व येतांच त्याच्या दोन्ही ध्रुवांभोंवतीं प्रकाशाचीं कडीं उमटलीं. ह्या गोळ्यास ‘टेरेला’, म्हणजे चिमुकली पृथ्वी, असें नांव आहे.

तथापि केवळ पेटीवर विसंबणारा तो नव्हता. 1899 सालीं त्यानें हाल्डे पर्वतावर, सुमारें 900 मीटर उंचीवर, वेधशाळा उभारली. तेथील कार्यांत त्याचा एक तरुण साहाय्यक हिमप्रपातांत सांपडून मरण पावला. तरीही 1902–03 मध्यें उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांत चार ठाणीं वसवून त्यानें वेध घेतले. त्यांवरून, चुंबकरेषांस अनुसरून अंतराळांतून प्रचंड विद्युत्प्रवाह येतात व परत जातात, असें त्यानें अनुमान केलें.

चुंबकानें विजेची ज्योत तबकडीसारखी पसरवून हवेंतील नायट्रोजनापासून खत बनविण्याची रीत त्यानें 1903 सालीं सॅम एडे ह्याच्या सहकार्यानें काढली. तिच्या बळावर 1905 सालीं नॉर्स्क हायड्रो ही कंपनी निघाली. त्यांतून मिळालेलें द्रव्य त्यानें पुष्कळसें संशोधनांतच खर्च केलें.

मात्र अनेक पंडितांनीं त्याचें मत मानलें नाहीं. ईजिप्तमध्यें संशोधन करून महायुद्धाच्या काळांत जपानमार्गें स्वदेशीं परततांना, झोपेच्या औषधाची अधिक मात्रा पोटांत जाऊन, 15 जून 1917 रोजीं टोकियो येथें तो निवर्तला. त्यास पन्नास वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

1966 सालीं प्रसिद्ध झालेल्या कृत्रिम उपग्रहाच्या वेधांत त्या प्रवाहांच्या खुणा आढळल्या. आज त्यांस बिर्कलंड-प्रवाह म्हणतात. त्याचें सर्वच म्हणणें बरोबर ठरलें नाहीं; सूर्याकडून येणारे कण सरळ ध्रुवांवर न येतां पृथ्वीच्या चुंबकीय आवरणांतून फार वांकड्या वाटेनें येतात. परंतु दूरच्या सृष्टीचा लहानसा नमुना करून तिला प्रश्न विचारण्याची जी वाट त्यानें दाखविली, तिनेंच आजचे शास्त्रज्ञही प्रयोगशाळांतून सूर्य व तारे ह्यांच्या चुंबकत्वाचा शोध घेत आहेत. विद्यार्थिमित्रांनो, श्रमांचें फळ आपल्या हयातींत पदरीं पडलें नाहीं, म्हणून ते व्यर्थ ठरत नाहींत, हेंच ह्या चरित्रावरून ध्यानांत येतें.