अडॉल्फ केटले : मनुष्याचे माप घेणारा गणिती

वर्षाच्या आरंभी विद्यार्थ्यांची उंची व वजन मोजून ते आकडे प्रगतिपुस्तकात टिपून ठेवण्याची चाल पुष्कळ शाळांतून आहे. ते आकडे घरी गेले म्हणजे निरनिराळ्या घरी निरनिराळे प्रकार घडतात. कोणी मुलगी आरशापुढे उभी राहून कष्टी होते; कोणी आई डब्यात एक पोळी अधिक घालते; कोणी वडील शेजारच्या मुलाच्या आकड्याशी आपल्या मुलाचा आकडा ताडून पाहतात. अलीकडे ह्या दोन आकड्यांच्या जोडीस तिसरा एक आकडा येऊन बसला आहे. त्यास बी. एम. आय. अथवा शरीरवस्तुमान निर्देशांक असे म्हणतात. हा आकडा वैद्यांनी शोधून काढला असावा असा सर्वसाधारण समज आहे. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. त्याचा जनक एक गणिती व ज्योतिर्विद होता, आणि लठ्ठपणाचा विचार त्याच्या मनातही नव्हता. त्या थोर पुरुषाचे चरित्र समजले असता हा आकडा काय सांगतो व काय सांगू शकत नाही, हे आपणांस सहज कळेल.

अडॉल्फ केटले ह्याचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजी गेंट ह्या शहरी झाला. आज हे शहर बेल्जम देशात आहे; त्या वेळी तेथे फ्रेंचांचा अंमल होता. अडॉल्फ सात वर्षांचा असताना त्याचा पिता निवर्तला. घरची स्थिती बेताची असल्यामुळे सतराव्या वर्षीच त्यास शिक्षकाचा पेशा पत्करावा लागला. वास्तविक त्याच्या मनाचा ओढा चित्रकला व काव्य ह्यांकडे होता, आणि एका मित्राच्या साहाय्याने त्याने एका संगीत नाटकाची संहिताही रचिली होती. परंतु पुढे गणिताची गोडी लागली ती कायमची. १८१७ साली गेंट येथे विद्यापीठ स्थापन झाले आणि अवघ्या दोन वर्षांनी, म्हणजे १८१९ साली, त्या विद्यापीठाची विज्ञानशाखेतील पहिली डॉक्टर ही पदवी ह्या तेवीस वर्षांच्या शिक्षकाने मिळविली. त्याच वर्षी तो ब्रसेल्स येथे गणिताचा अध्यापक झाला आणि पुढील वर्षी तेथील राजमान्य विद्वत्सभेने त्यास सभासद करून घेतले.

ब्रसेल्स येथे एक वेधशाळा असावी अशी केटलेची मोठी आकांक्षा होती. सरकारास ती कल्पना पटली आणि ज्योतिषाचा प्रत्यक्ष अभ्यास करण्यासाठी १८२३ साली त्यास पॅरिस येथे धाडण्यात आले. ह्या प्रवासाने त्याच्या आयुष्यास निराळेच वळण लागले. पॅरिसमधील मोठमोठ्या गणितज्ञांच्या सहवासात त्यास संभाव्यतेच्या शास्त्राचा परिचय झाला. एकाच ताऱ्याचे स्थान दहा वेळा मोजिले तर दहा किंचित भिन्न उत्तरे येतात. परंतु त्यांचा मध्य काढला असता सत्याच्या अगदी निकट जाता येते, हे ज्योतिषी जाणून होते. केटलेच्या मनात असे आले की, हीच रीत मनुष्यास का लावू नये? एक मनुष्य उंच, दुसरा ठेंगणा, तिसरा कृश. परंतु सहस्रावधी मनुष्ये मोजिली तर त्यांच्या विविधतेतही काही नियम आढळेल काय?

वेधशाळेचे काम सुरू झाले, परंतु १८३० साली बेल्जममध्ये राज्यक्रांती झाली आणि बांधकामास खीळ बसली. केटले स्वस्थ बसला नाही. आकाशाचे वेध घेता येईनात तेव्हा त्याने मनुष्यांचे वेध घेण्यास प्रारंभ केला. नवजात अर्भके, शाळेतील मुले, तरुण, वृद्ध, स्त्रिया व पुरुष ह्यांची उंची, वजन व शक्ती ह्यांची कोष्टके त्याने तयार केली. १८३५ साली मनुष्य व त्याच्या शक्तींचा विकास ह्या विषयावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि युरोपभर त्याचे नाव झाले. ह्याच ग्रंथात त्याने मध्यम मनुष्याची, म्हणजे सर्व मापांची सरासरी काढून मनाने निर्माण केलेल्या मनुष्याची, कल्पना मांडिली.

ह्याच शोधात त्यास एक मौजेची गोष्ट दिसून आली. एखादी मूर्ती सर्व बाजूंनी दुप्पट मोठी केली तर तिचे वजन दुप्पट न होता आठपट होते. कारण लांबी, रुंदी व जाडी ही तिन्ही दुप्पट होतात. ह्या हिशेबाने पाहता, दीड मीटर उंचीच्या मनुष्याचे वजन ५४ किलो असेल तर एक मीटर ऐंशी सेंटिमीटर उंचीच्या मनुष्याचे वजन ९३ किलोच्या आसपास असावयास पाहिजे. परंतु प्रत्यक्षात उंच मनुष्य म्हणजे ठेंगण्या मनुष्याची सर्व बाजूंनी वाढविलेली प्रतिमा नव्हे. तो उंचीच्या मानाने सडपातळ असतो. प्रौढ मनुष्यांची वजने सामान्यतः उंचीच्या घनाप्रमाणे न वाढता वर्गाप्रमाणे वाढतात, असे केटलेस आढळले. त्या नियमाने दुसऱ्या मनुष्याचे वजन सुमारे ७८ किलो येते. म्हणून किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागिले असता, उंच व ठेंगणा ह्यांची तुलना एकाच मापाने करता येते. वरील दोघांचाही भागाकार २४ च येतो. ६४ किलो वजनाच्या व १.६० मीटर उंचीच्या मनुष्याचा आकडा २५ होतो. आजचा निर्देशांक तो हाच.

केटलेच्या कार्याचा व्याप येथेच संपला नाही. १८३४ साली लंडन येथे संख्याशास्त्राचे मंडळ स्थापन झाले, त्यास त्याची प्रेरणा कारण झाली होती. त्याच वर्षी बेल्जमच्या विद्वत्सभेचा तो कायमचा चिटणीस झाला. स्वदेशाची १८४६ सालची खानेसुमारी त्याच्या मार्गदर्शनाखाली झाली आणि १८५३ साली संख्याशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद त्याच्याच प्रयत्नाने ब्रसेल्स येथे भरली. परिचारिकांची आद्य गुरू फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही त्यास फार मान देत असे. गुन्ह्यांची संख्याही वर्षानुवर्षे जवळजवळ सारखीच राहते असे त्याने दाखविले, तेव्हा मनुष्याचे इच्छास्वातंत्र्य हा नाकारतो असा त्याच्यावर आक्षेप आला. त्यावर त्याचे म्हणणे असे की, गुन्ह्याची कारणे समाजस्थितीत असल्यामुळे कायदे व संस्था सुधारल्यास ते आकडेही पालटतील. १८५५ साली त्यास पक्षाघाताचा झटका आला व स्मरणशक्ती क्षीण झाली. तरीही त्याने लेखणी खाली ठेविली नाही. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी ब्रसेल्स येथे त्याचा अंत झाला.

एवढ्या थोर पुरुषाच्या हातूनही एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. सरासरी मनुष्य हाच आदर्श मनुष्य, आणि त्याहून भिन्न असणे म्हणजे निसर्गाच्या हातून झालेली चूक, असे तो समजू लागला. परंतु सरासरी हा केवळ हिशेब आहे. वर्गातील पादत्राणांच्या मापांची सरासरी काढून सर्वांस एकाच मापाचे जोडे दिले तर किती मुले लंगडू लागतील!

त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षे हा भागाकार वैद्यकात फारसा पुढे आला नाही. १९७२ साली अमेरिकेतील अँसेल कीज व त्यांचे सहकारी ह्यांनी पाच देशांतील सुमारे ७,४०० पुरुषांची मापे तपासून पाहिली. चरबीचा अदमास घेण्यास केटलेचा आकडा इतर सूत्रांपेक्षा उणा नाही, आणि शिवाय सोपा आहे, असे त्यांस आढळले. बी. एम. आय. हे नाव त्यांनीच रूढ केले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी मर्यादा ठरविल्या : १८.५ च्या खाली वजन अपुरे, २५ पासून पुढे अधिक, ३० पासून पुढे स्थूलता.

आता ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात येऊन पोहोचते. पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व बालके ह्यांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडातील अर्भकांचे ३.५ किलो. आपली अर्भके पोट व स्नायू ह्यांत उणी होती, परंतु त्वचेखालील चरबीत मात्र फारशी उणी नव्हती. २००४ साली त्यांनी व त्यांचे इंग्रज सहकारी डॉक्टर युडकिन ह्यांनी दोघांची छायाचित्रे एकत्र प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर पुणेकराच्या शरीरात २१.२ टक्के! काट्याने दोघांस एकच गुण दिले. शरीराने मात्र निराळी साक्ष दिली. म्हणूनच आशियातील लोकांनी २३ पासूनच सावध व्हावे असे तज्ज्ञ सांगतात, आणि भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या मताप्रमाणे २५ पासूनच स्थूलता धरिली जाते. कंबरेचा घेरही पाहावा. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची मर्यादा होय. सडपातळ दिसणाऱ्या मनुष्यास मधुमेह कसा झाला, ह्या नेहमीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर येथे आहे.

ह्याच्या उलट, कसरतपटूचे वजन स्नायूंमुळे अधिक भरते आणि निर्देशांक त्यास विनाकारण दोष देतो. वाढत्या मुलांस तर प्रौढांच्या मर्यादा लावूच नयेत. त्यांचा आकडा वय व मुलगा-मुलगी हा भेद लक्षात घेऊन, बालरोगतज्ज्ञांच्या तक्त्यावरच पाहावा लागतो. बारा वर्षांच्या मुलाचा आकडा १७ आला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

तर मग हा आकडा टाकून द्यावा काय? मुळीच नव्हे. समूहाची स्थिती जाणण्यास त्यासारखे स्वस्त साधन नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के अपुऱ्या वजनाच्या व २४ टक्के अधिक वजनाच्या आढळल्या. एकाच देशात भूक व अतिरेक शेजारी नांदत आहेत, हे ह्याच भागाकाराने दाखविले. व्यक्तीस तो दारावरील घंटेसारखा आहे. घंटा वाजली म्हणजे उठून दार उघडावे, कोण आले आहे ते पाहावे. घंटेचा आवाज ऐकूनच निवाडा करू नये.

पालकबंधुभगिनींनो, ज्या बाळकुम गावी एके काळी चिखलणी-लावणी करणाऱ्यास व खाडीत जाळे टाकणाऱ्यास व्यायामाचा उपदेश करावा लागत नसे, तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत आणि मुले लिफ्टने खाली उतरून गाडीने शाळेस येतात. मुलांस रोज तासभर खेळू द्यावे, भाकरी, डाळ, भाजी व मासळी ह्यांची गोडी लावावी, पाकिटातील खाऊ व गोड पेये कमी करावी, आणि शंका आल्यास वैद्यास विचारावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, वर्गातील कोणास लठ्ठ्या अथवा काडीपैलवान म्हणून हिणविणे सोडून द्या. अशा एका शब्दाने मैदानावर येण्याचे सोडलेली मुले मी पाहिली आहेत. ज्यास खेळाची सर्वांत अधिक गरज, तोच असा खेळास मुकतो.

केटलेने लाखो माणसे मोजून मनुष्यजातीविषयी पुष्कळ शिकविले, त्याचे ऋण आपण मानावे. परंतु शंभर मेंढरांची गणती करणे निराळे, आणि त्यांतील हरवलेल्या एकासाठी नव्याण्णव मागे ठेवून रानात जाणे निराळे. पहिले काम संख्याशास्त्राचे आहे. दुसरे काम आईबापांचे, शिक्षकांचे व मित्रांचे आहे.